आश्रमशाळेचं सरपणाचं बन: आधी चूल मोजा, रोपं शेवटी

जुलैच्या पहिल्या आठवड्यात हजार रोपं लागतात, फोटो निघतात आणि पुढच्या पोळ्यापर्यंत त्या जागी तरोटा माजलेला असतो. विदर्भातल्या आश्रमशाळा, वसतिगृहं, गोरक्षण संस्था, बारमाही अन्नदान चालवणारी देवस्थानं अशा ठिकाणी मोठ्या भांड्यांचा स्वयंपाक अजूनही बराचसा लाकडावर होतो. त्यांना स्वतःचं सरपण स्वतःच्या जमिनीवर पिकवायला मदत करणारे आपण लोक एकच चूक पुन्हा पुन्हा करतो: सुरुवात रोपांपासून करतो. खरा क्रम उलटा आहे. आधी चूल, मग कागद, मग कुंपण, मग उन्हाळ्याचं पाणी आणि सगळ्यात शेवटी रोप.

पुढच्या पावसाळ्यात लागवड करायची असेल तर दिवाळीची सुट्टी संपली की कामाला लागा. मे महिन्यात सुचलेलं बन त्या वर्षी लावू नका.

## टप्पा १: सात दिवस लाकूड तोला

लटकवायचा वजनकाटा घ्या आणि सलग सात दिवस चुलीपाशी जाणारं प्रत्येक लाकूड तोलून लिहा. अंदाज विचारू नका. एका वसतिगृहात मी स्वयंपाकीण मावशींना विचारलं तर उत्तर आलं, "रोजचे तीन बोजे लागतेत न भाऊ." तोलल्यावर तीन बोज्यांचं वजन तीन दिवशी तीन वेगळं निघालं. शिवाय निम्म्याहून जास्त लाकूड स्वयंपाकाला लागतच नव्हतं, ते मुलांच्या आंघोळीचं पाणी तापवण्यात जात होतं. ही गोष्ट कोणी लपवली नव्हती. आम्हीच फक्त स्वयंपाकघरात डोकावत होतो.

म्हणून वहीत तीन रकाने ठेवा: स्वयंपाक, आंघोळीचं पाणी, इतर. "इतर"मध्ये कर्मचारी निवासात जाणारं लाकूडही येतं. ते लिहिताना कुणावर आरोप करू नका, नुसता आकडा लिहा. आरोपाचा सूर लागला की दुसऱ्या दिवसापासून वही खोटं बोलायला लागते.

तोलण्याचा एक आठवडा डिसेंबरात घ्या आणि जमलं तर दुसरा ऑगस्टमध्ये. पावसाळ्यात लाकूड ओलं असतं, म्हणून ते जास्त लागतं आणि धूरही जास्त करतं.

तपासा: त्या आठवड्यात किती मुलं जेवली, हे हजेरीवरून वहीत उतरवलं का? हा आकडा नसेल तर किलोला अर्थ नाही.

## टप्पा २: चुलीची भूक कमी करा

तीन दगडांच्या किंवा उघड्या भट्टीच्या चुलीला पुरेल एवढं बन लावायला गेलात तर जमीन पुरणार नाही. आधी धुराड्याची, जाळीची, भांडं खोल बसणारी बंदिस्त चूल बांधून घ्या. पातेल्यांना झाकणं, डाळ-चणे रात्री भिजत घालणं, मनगटाएवढं फाडलेलं वाळकं लाकूड, एवढ्यानेच बराच फरक पडतो. आंघोळीच्या पाण्यासाठी सौर बंब बसवता आला तर तो आधी बसवा. आपल्याकडे ऊन ही एकच गोष्ट मुबलक आहे.

गॅस मिळत असेल तर तो बंद करायचा नाही. बन हे सिलिंडरला पूरक आहे.

चूल बदलल्यावर पुन्हा सात दिवस तोला. पुढचा सगळा हिशोब या दुसऱ्या आकड्यावर करायचा.

## टप्पा ३: एकरांचा हिशोब

उदाहरण घेऊ. शंभर मुलांचं वसतिगृह, सुधारलेल्या चुलीवर रोज २५ किलो वाळलेलं लाकूड, वर्षाचे २४० दिवस. म्हणजे वर्षाला ६,००० किलो, ६ टन.

मुरमाड कोरडवाहू जमिनीवर मी एकरी वर्षाला दीड टन वाळलेलं लाकूड धरतो, उथळ बरडावर एक टन. दीड टनाने ४ एकर लागतात. त्याचे एकेक एकराचे ४ तुकडे पाडा. दोन बाय दोन मीटरवर लावलं तर एका एकरात साधारण हजार झाडं बसतात. चार वर्षांच्या झाडाने वाळून सरासरी ६ किलो दिलं की तो तुकडा ६ टन देतो, म्हणजे एका वर्षाचं सरपण. दर वर्षी एकच तुकडा तोडायचा, चौथ्या वर्षानंतर पुन्हा पहिल्याकडे यायचं.

चारही तुकडे एकाच पावसाळ्यात लावू नका. वर्षाला एक लावा. मजुरी आणि पाणी तेवढ्यालाच पुरतं आणि पहिल्या तुकड्यात जे चुकलं ते दुसऱ्यात सुधारता येतं. पहिल्या तुकड्यात चूक होतेच.

जमीन एकच एकर असेल तर संस्थेला तोंडावर सांगा की यातून गरजेचा चौथा हिस्सा भागेल. "सरपणात स्वयंपूर्ण" असा फलक रंगवून घेऊ नका.

बन हाताशी येईपर्यंत पहिली चार वर्षं कशावर काढायची? पऱ्हाटी आणि तुराट्या, म्हणजे कापसाच्या आणि तुरीच्या वाळक्या काड्या. कापूस-तूर निघाली की फेब्रुवारी-मार्चमध्ये आसपासचे शेतकरी पऱ्हाटी धुऱ्यावर (बांधावर) पेटवून देतात. तीच ट्रॉलीने आणून, बांधून, छताखाली ठेवा. ती भराभर जळते, चुलीपाशी माणूस सतत बसवावा लागतो, पण रानातून तोडलेल्या लाकडापेक्षा ती बरी.

## टप्पा ४: सातबारा वाचा आणि तोडणीची परवानगी आत्ताच लिहून घ्या

"शाळेमागची मोकळी जागा" ही शाळेचीच असते असं नाही. तलाठ्याकडून, पूर्व विदर्भात लोक म्हणतात तसं पटवाऱ्याकडून, सातबारा आणि गटाचा नकाशा काढा. तीन गोष्टी बघा.

पहिली: झुडपी जंगल. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत महसुली नोंदीत ही नोंद सर्रास सापडते. सर्वोच्च न्यायालयाच्या २२ मे २०२५ च्या निकालानुसार झुडपी जंगल जमिनी वनजमिनी मानल्या जातात आणि त्यांना १९८० चा वन (संवर्धन) कायदा लागू होतो. अशा तुकड्यावर संस्थेने परस्पर तोडणीचं बन लावायचं नाही. जागा बदला.

दुसरी: वऱ्हाडात ई-क्लास जमीन. ती गावाची चराई आहे. गावाच्या गुरांचा रस्ता अडवून लावलेलं बन पहिल्या हिवाळ्यातच गुरांच्या पोटात जातं, आणि न्यायाने बघितलं तर गेलंच पाहिजे.

तिसरी: जमिनीचा धनी कोण. खाजगी संस्थेची जमीन असेल तर विश्वस्त मंडळाचा ठराव पुरतो. शासकीय आश्रमशाळा असेल तर आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाचं लेखी पत्र हवं. जिल्हा परिषदेची जागा असेल तर तिथलं, आणि त्याच्या जोडीला शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव.

ठरावात हे वाक्य असलंच पाहिजे: ही झाडं सरपणासाठी, ठरावीक वर्षांनी तोडण्यासाठी लावली आहेत. लावताना परवानगी कोणी विचारत नाही. तोडताना सगळे विचारतात. एका शाळेत पाच वर्षांचं सुंदर काशीदाचं बन उभं होतं. नवीन आलेल्या मुख्याध्यापकांनी त्याला कुऱ्हाड लावू दिली नाही, कारण कागदावर ते "वृक्षारोपण" होतं आणि चौकशी लागली तर उत्तर त्यांना द्यावं लागणार होतं. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. शाळा बाहेरून लाकूड विकत आणत राहिली.

इशारा: साग, मोह, आंबा, चिंच, खैर, ऐन, बिजा, हळदू, चंदन यांसारखी झाडं १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमाच्या अनुसूचीत आहेत. ती खाजगी जागेत असली तरी विनापरवानगी तोडता येत नाहीत. सरपणाच्या बनात ती लावू नका, आणि आधीपासून उभी असतील तर त्यांना हात लावू नका. लाकूड आवाराबाहेरून गाडीने आणायचं असेल तर वाहतूक पासाबद्दल वनपरिक्षेत्र कार्यालयात आधीच विचारून ठेवा.

## टप्पा ५: जात जमिनीला विचारून निवडा

रोपवाटिकेत शिल्लक आहे म्हणून गुलमोहर आणि पेल्टोफोरम उचलून आणू नका. सरपणाच्या झाडाला तीन गुण हवेत: तोडल्यावर खुंटातून फुटणं, लवकर वाढणं आणि कमी धुरात जळणं.

मुरमाड, निचऱ्याच्या जमिनीवर माझी पहिली पसंती काशीदला. खुंटातून जोमाने फुटतो, गुरं त्याच्या वाट्याला फारशी जात नाहीत. सुबाभूळ त्याहून वेगाने वाढते आणि तीही छान फुटते, पण तिचा पाला शेळ्यांना गुळासारखा. कुंपण पक्कं नसेल तर सुबाभूळ नको. साचणारं पाणी आणि आम्लधर्मी माती तिला सोसत नाही, म्हणून गडचिरोली-गोंदियाकडच्या तांबड्या जमिनीत ती खुरटते. शेंगा फुटून बीही दूरवर पसरतं, शेंगा पिकायच्या आत तोडणी करा.

काळ्या भारी जमिनीत बाभूळ. सरपण म्हणून तिला तोड नाही, पण खुंटातून ती भरवशाने फुटत नाही. तिथे तोडणीनंतर पुन्हा बी टोकायची तयारी ठेवा. ऑस्ट्रेलियन बाभळीचंही तसंच: हलक्या जमिनीत वाढते झकास, फुटते कमी. कडुनिंब सावकाश वाढतो पण मरत नाही. तो कडेने लावा. गिरिपुष्प कुंपणाला.

एका तुकड्यात किमान दोन जाती ठेवा, ओळी आड ओळी. एका जातीवर कीड आली तर सगळं बन जाऊ नये.

इशारा: वेडी बाभूळ लावू नका, कोणी कितीही आग्रह केला तरी. ती फुकट उगवते, छान जळते आणि दहा वर्षांत शेजाऱ्याच्या शेतात शिरते.

## टप्पा ६: कुंपण आणि खड्डे, जानेवारी ते मे

कुंपण आधी पूर्ण करा. "रोपं लागली की करू" असं म्हटलं की ते होत नाही. बाहेरून गुरं अडवायला दीड मीटर रुंद, एक मीटर खोल चर खणा. निघालेली माती आतल्या बाजूला बांधासारखी टाका आणि त्या बांधावर पहिल्या पावसात घायपात किंवा सागरगोटा लावा. गिरिपुष्पाच्या मनगटाएवढ्या जाड, पुरुषभर उंच फांद्या त्यातच खोचल्या की दोन वर्षांत जिवंत भिंत उभी राहते. रोही (नीलगाय) मात्र चर सहज ओलांडतो. त्याचा त्रास असलेल्या गावात पहिली दोन वर्षं राखण करणारा माणूस लागतोच.

खड्डे एप्रिल-मेमध्ये खणा, ४५ सेंटिमीटर लांब, रुंद आणि खोल. वरची माती एका बाजूला, खालची दुसऱ्या बाजूला टाका आणि खड्डे महिनाभर उन्हात तापू द्या. उतारावर ओळी समपातळीत धरा, उताराच्या दिशेने नाही. भरताना वरची माती आधी, त्यात दोन घमेली शेणखत. शेणखत पूर्ण कुजलेलं हवं, कच्च्या शेणाला उधई (वाळवी) लागते. उधईची जागा असेल तर मूठभर निंबोळी पेंड घाला.

तपासा: खड्ड्यांच्या ओळी दोरी धरून मोजल्या का? अंदाजाने खणलेल्या एकरात हजारऐवजी सातशेच खड्डे निघतात आणि ते तोडणीच्या वर्षी लक्षात येतं.

## टप्पा ७: लागवड

मृग लागला म्हणून लगेच लावू नका. विदर्भात जूनचा पहिला पाऊस पुष्कळदा हुलकावणी देतो आणि पुढे दहा-बारा दिवस कोरडे जातात. माती वीतभर खोल ओली झाली, ढेकूळ मुठीत दाबून लाडू वळला, की लावा. उन्हामुळे आपल्या शाळाही उर्वरित राज्यापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात. मुलं आणि ओल एकाच वेळी हजर असतात ती जूनअखेर ते जुलैचा पहिला पंधरवडा. तीच वेळ धरा.

रोपांची मागणी सामाजिक वनीकरण विभागाच्या रोपवाटिकेत जानेवारीतच नोंदवा. रोप गुडघ्याएवढं, बुंधा पेन्सिलीएवढा, पिशवी न फाटलेली. पंधरा टक्के जास्त घ्या, ती नांग्या, म्हणजे मेलेल्या रोपांच्या रिकाम्या जागा, भरायला लागतात.

स्वतः रोपं करणार असाल तर काशीद आणि सुबाभळीच्या बियांवर उकळी उतरलेलं गरम पाणी ओता. त्याच पाण्यात ते निवून रात्रभर राहू द्या आणि फेब्रुवारीत पिशवीत टोका.

लावताना सगळ्यात जास्त होणारी चूक: पिशवी न काढता रोप खड्ड्यात जातं. मुलांना घाई असते, गुरुजींना फोटोची. पिशवी ब्लेडने उभी कापा, तळाशी वेटोळं झालेलं मूळ छाटा, मातीचा गोळा न फुटू देता बसवा आणि बुंध्याभोवती पायाने दाबा. कापलेल्या पिशव्या एका पोत्यात जमा करा. संध्याकाळी मोजा. रोपं जितकी, पिशव्या तितक्या. कमी भरल्या तर त्या जमिनीखाली आहेत.

ऑगस्टच्या मध्यात नांग्या भरा. पहिल्या दोन पावसाळ्यांत दोनदा निंदण, रोपाभोवती हातभर आळं मोकळं. तरोटा फुलायच्या आत उपटा आणि तिथेच आच्छादन म्हणून पसरा.

## टप्पा ८: पहिला उन्हाळा

बन मरतं ते इथे. एप्रिलच्या शेवटी शाळेला सुट्टी लागते, मुलं घरी जातात, मोटार बंद होते, अधीक्षक गावी जातात आणि पारा पंचेचाळीसच्या पुढे सरकतो. मधल्या सात-आठ आठवड्यांत बनात कोणी फिरकत नाही.

म्हणून डिसेंबरातच एका माणसाचं नाव लिहून घ्या. सुट्टीत आवारात राहणारा कामाठी किंवा शेजारचा शेतकरी, आणि त्याची सुट्टीतली मजुरी वेगळी ठरवून. "सगळे मिळून बघू" म्हणजे कोणीच बघणार नाही.

पाणी किती? फेब्रुवारी ते जून, दर दहा दिवसांनी रोपाला पाच लिटर. हजार रोपांना एका पाळीला ५,००० लिटर, म्हणजे एक टँकर. शाळा चालू असताना आंघोळीचं सांडपाणी चराने बनाकडे वळवा. साबणाचा फेस एका खड्ड्यात निवळू द्या. सुट्टीत मुलंच नाहीत तर ते पाणीही नाही, त्या आठवड्यांची सोय वेगळी. बुंध्याभोवती पऱ्हाटीचा भुसा किंवा तणाचं आच्छादन घाला. काळ्या जमिनीत मार्चपासून भेगा पडतात आणि कोवळी मुळं तुटतात, तिथे आळ्यातली माती कुदळीने हलवून भेगा बुजवत राहा.

दुसरं संकट आग. मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल वेचायला झाडाखालचा पाला पेटवतात, त्यानंतर तेंदूपत्त्याचा हंगाम येतो, आणि वाळलेल्या गवतातून आग सरळ बनात शिरते. फेब्रुवारीतच बनाभोवती तीन मीटर रुंद पट्टा गवत काढून उघडा करा. आतलं गवत कापून गुरंवाल्यांना फुकट द्या. गवताच्या बदल्यात तेच बनावर नजर ठेवतात, हा सौदा मला कुंपणापेक्षा स्वस्त पडलेला आहे.

तपासा, जूनच्या पहिल्या आठवड्यात: ओळीओळीने फिरून जिवंत रोपं मोजा. शंभरात ऐंशी असतील तर दुसरा तुकडा लावा. साठच्या खाली असतील तर दुसरा तुकडा थांबवा. कारण सापडेपर्यंत नवीन रोप जमिनीत घालू नका.

## टप्पा ९: तोडणी आणि वाळवणी

चौथं वर्ष पूर्ण होताना, फेब्रुवारी ते मार्चच्या मध्यापर्यंत तोडा. ओलं लाकूड मग एप्रिल-मेच्या उन्हात वाळतं आणि खुंटाला पावसाच्या आधी फुटायला वेळ मिळतो. पावसाळ्यात तोडलेला खुंट सडतो.

जमिनीपासून एक वीत उंचीवर, धारदार करवतीने, तिरका काप घ्या म्हणजे पाणी साचत नाही. कुऱ्हाडीने तासत बसलं तर साल खोडापासून सुटते आणि सुटलेल्या सालीतून फुटवा येत नाही. ज्या आठवड्यात तोडणी, त्याच आठवड्यात कुंपण दुरुस्त करा. मोठी झाडं गेली की राखण संपली असं सगळ्यांना वाटतं आणि कोवळे फुटवे शेळ्या खाऊन जातात.

पावसाळ्यानंतर प्रत्येक खुंटावर दोन-तीन जोमदार फुटवे ठेवा, बाकीचे काढा. काढलेले फुटवे चूल पेटवायला उपयोगी पडतात.

लाकूड लगेच हातभर लांबीचं कापा आणि मनगटापेक्षा जाड असेल ते ओलं असतानाच फाडा. वाळल्यावर फाडायला दुप्पट घाम येतो. जमिनीला न टेकवता, दोन ओंडक्यांवर, हवा खेळेल अशी रास रचा. मृगाच्या आधी रास छताखाली गेली पाहिजे. ताडपत्रीत गुंडाळून ठेवू नका, आत बुरशी येते.

तपासा: पाच तुकड्यांवर खूण करून दर पंधरा दिवसांनी तोला. वजन उतरायचं थांबलं की लाकूड वाळलं. दोन तुकडे एकमेकांवर आपटले तर ठण्ण वाजतात, टोकाला चिरा दिसतात. ओलं लाकूड बद्द वाजतं.

## टप्पा १०: वही

अधीक्षक बदलतात, मुख्याध्यापक बदलतात, मदत करणारे आपणही दुसऱ्या तालुक्यात जातो. बनासाठी एक जाड बांधणीची वही करा आणि ती पदभाराच्या यादीत चढवा, म्हणजे जाणारा येणाऱ्याला सही घेऊन देईल. पहिल्या पानावर ठरावाची आणि परवानगीची प्रत चिकटवा. दुसऱ्या पानावर चारही तुकड्यांचा हाताने काढलेला नकाशा, लागवडीचं वर्ष, जात आणि तोडणीचं ठरलेलं वर्ष. पुढे तोडणीचं वजन, महिन्याला चुलीत गेलेलं वजन आणि बाहेरून विकत घेतलेलं वजन. शेवटचा रकाना लोक टाळतात. तो दर वर्षी उतरतो की नाही, हे बघायलाच आपण तोलायला सुरुवात केली होती.

तिसऱ्या-चौथ्या तोडणीनंतर काही खुंट थकतात, फुटवे बारीक येतात. त्यांच्या शेजारीच जूनअखेर नवीन रोप लावा आणि वहीत त्या ओळीसमोर खूण करा.